ग्राउंडवर जमतं ते अभ्यासिकेत का जमत नाही? स्पर्धा परीक्षा आणि ग्रोथ माइंडसेट : नाशिकच्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

मी स्वतः साडेचार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा पूर्व परीक्षेतच गळालो, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिलो आणि मग गट क ची पोस्ट निघाली. आता नोकरी सांभाळून दर रविवारी गंगापूर रोडकडच्या एका अभ्यासिकेत मुलांबरोबर बसतो. सिन्नर, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, येवला, नांदगाव, सगळीकडची मुलं तिथे येतात. दुपारी चारच्या चहाला टपरीवर जे प्रश्न निघतात ते दरवर्षी जवळपास तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहितोय.

ग्रोथ माइंडसेट म्हणजे नेमकं काय?

ही कल्पना मांडली कॅरल ड्वेक यांनी. त्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की माणसं स्वतःच्या बुद्धीकडे दोन तऱ्हांनी बघतात. काहींना वाटतं, बुद्धी जन्मतः जेवढी मिळाली तेवढीच. परीक्षा म्हणजे ती मोजायची पट्टी. याला फिक्स्ड माइंडसेट म्हणतात. काहींना वाटतं, बुद्धी सरावाने, योग्य पद्धतीने आणि दुसऱ्याच्या मदतीने वाढते. परीक्षेतून फक्त आज आपण कुठवर पोहोचलो ते कळतं. हा ग्रोथ माइंडसेट. बहुतेकांच्या मनात दोन्ही असतात, विषयागणिक बदलतात.

नाशिकच्या मुलांना हे समजवायला मला व्याख्या लागत नाही. पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर जा. पोलीस भरतीची मुलं फेऱ्या मारत असतात, एक जण कडेला मोबाईलवर स्टॉपवॉच लावून उभा असतो. पहिल्या आठवड्यात १६०० मीटरला सात मिनिटं लागली म्हणून ‘माझ्या पायांतच दम नाही’ असं म्हणून कोणी घरी जात नाही. ‘पहिली फेरी लई जोरात काढली, शेवटी छाती भरून आली,’ हे पोरगं स्वतःच सांगतं आणि दुसऱ्या दिवशी पहिली फेरी आवरून पळतं. तेच पोरगं साडेदहाला अभ्यासिकेत येतं, नफा-तोट्याची तीन गणितं चुकतात आणि म्हणतं, ‘सर, आपलं डोकंच नाही गणिताचं.’ पायांबद्दल जे त्याला पक्कं ठाऊक आहे, ते जिना चढून वर येईपर्यंत तो विसरलेला असतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: ग्राउंडवर तुम्ही स्वतःला ज्या नजरेने बघता, त्याच नजरेने वहीकडे बघा.

म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’ हेच ना?

नाही, आणि हा घोळ फार नुकसान करतो. ‘मी अधिकारी होणारच’ असं भिंतीवर चिकटवणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. त्यात निकालाबद्दल बोललं जातं, अभ्यासाच्या पद्धतीबद्दल अवाक्षर नसतं. खुद्द ड्वेक यांनीही पुढे सांगितलं की नुसती मेहनतीची स्तुती करणं ही या कल्पनेची चुकीची समज आहे. रोज चौदा तास बसून तीच चूक पुन्हा पुन्हा करणारा मुलगा मेहनती असतो, पण त्याची वाढ होत नसते.

याला शास्त्रीय आधार आहे, की नुसती व्याख्यानं?

आधार आहे, मात्र तो नीट समजून घ्यायला हवा, कारण सेमिनारवाले तो फुगवून सांगतात.

१९९८ साली ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचं संशोधन आलं. पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली आणि ‘मेहनत घेतलीस’ म्हटलेल्यांची सुधारली. आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्याला किती कोडी सुटली हे लिहायला सांगितल्यावर खोटे गुण लिहिणारी मुलं ‘हुशार’ गटात कितीतरी जास्त होती. टेस्ट सिरीजचे मार्क मित्राला सांगताना पाच-सात वाढवून सांगणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. मीही सांगितलेत.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरच्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. तासाभराहून कमी वेळात त्यांना ऑनलाइन समजावलं, की मेंदू सरावाने बदलतो. अभ्यासात मागे असलेल्यांची श्रेणी सरासरी ०.१ गुणांनी वर गेली. परिणाम खरा, पण छोटा. आणि जिथे बरोबरीची मुलं अवघड गोष्टीला हात घालायला साथ देत होती तिथे तो जास्त दिसला. हे सगळं शाळकरी मुलांवरचं काम आहे. त्यातून ‘माइंडसेट बदला, पोस्ट काढा’ असं कोणी सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

आपल्या जवळचं उदाहरण मला वाटतं लंडनच्या टॅक्सीचालकांचं. तिथे परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते, तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उमेदवारांच्या मेंदूची छायाचित्रं तयारीआधी आणि तयारीनंतर घेतली. २०११ साली छापलेल्या त्या अभ्यासात पास झालेल्यांच्या मेंदूतला, जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वाढलेला दिसला. नापास झालेल्यांत तसा बदल दिसला नाही, आणि पास झालेल्यांनी आठवड्याला तासही बरेच जास्त दिले होते. ही सगळी मोठी माणसं होती, कामाच्या परवान्यासाठी परीक्षा देणारी. तेव्हा ‘आता या वयात काय डोकं चालणार’ असं पंचविसाव्या वर्षी म्हणणाऱ्यांसाठी मी हेच उदाहरण देतो.

मला गणित जमतच नाही. दहावीलाही काठावर पास झाले. माझ्यासारखीने काय करावं?

गेल्या वर्षी सुरगाण्याकडची एक मुलगी आली होती. गणित दिसलं की ती पुढच्या विभागाकडे उडी मारायची. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत शंभर मार्कांचे चार भाग असतात: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. गणित सोडणं म्हणजे पेपर हातात घेण्याआधीच पाव पेपर परत देणं. मी तिला म्हटलं, ताई, ‘गणित’ हा शब्द आठवडाभर बंद. काय जमत नाही ते नाव घेऊन सांग.

तिने कागदावर लिहिलं. शेकडेवारी जमत नाही. पुढे विचारलं, शेकडेवारीत कुठे अडतं? तेव्हा कळलं, टक्क्यांचा अपूर्णांक करता येत नाही. आणि तो येत नाही, कारण पाढे बारापर्यंतच पक्के. म्हणजे ज्याला ती दहा वर्षं ‘माझं डोकं’ म्हणत होती ते होते तेरा ते पंचविसाचे पाढे आणि पंधरा-वीस अपूर्णांक. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, साडेसदतीस म्हणजे तीन अष्टमांश, सव्वासहा म्हणजे एक सोळांश. एसटीत बसून तिने ते पाठ केले. तीन आठवड्यांनी शेकडेवारीची दहापैकी सहा गणितं सुटू लागली. सहाच. पण आता उरलेली चार का सुटली नाहीत, हे ती बोट ठेवून दाखवत होती.

‘जमत नाही’ च्या आधी ‘अजून’ लावा, असं या विषयावर बोलणारे सांगतात. लावा, पण तिथे थांबू नका. ‘अजून काय जमलं नाही’ याचं उत्तर कागदावर आलं पाहिजे.

माझं उलटं आहे. शाळेत कायम पहिला होतो, तरी पूर्व परीक्षा निघत नाही. असं का?

कारण बरीच वर्षं तुम्हाला चुकायची सवयच लागली नाही. गावातल्या शाळेत पहिला आलेला मुलगा नाशिकला येतो आणि पहिल्या टेस्टमध्ये १०० पैकी ३८ पडतात, तेव्हा त्याला नुसते मार्क नाही, आपली ओळखच गेल्यासारखी वाटते. मग तो टेस्ट टाळायला लागतो. ‘सिलॅबस पूर्ण झाल्यावर देईन’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. सिलॅबस कधीच पूर्ण होत नाही.

मी शिकायला आलो तेव्हा एका क्लासने पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊन बॅचेस पाडल्या. वरच्या बॅचला चांगले शिक्षक आणि एसी खोली, खालच्या बॅचला पत्र्याचं शेड. मी वरच्या बॅचमध्ये होतो, आणि मला वाटतं त्यात माझंच नुकसान जास्त झालं. खाली ढकलतील या धास्तीने वर्षभर मी वर्गात एक शंका विचारली नाही. शेडमधला माझा रूम पार्टनर बेधडक विचारायचा. त्याची पोस्ट माझ्या दीड वर्ष आधी निघाली.

टेस्टमध्ये मार्क कमी पडले की दोन दिवस पुस्तक उघडवत नाही. काय करू?

वाईट वाटू द्या, ते साहजिक आहे. त्यासाठी एक संध्याकाळ ठेवा: गोदाघाटावर जा, सोमेश्वरला जा, मिसळ खा. पण त्याआधी एक काम. पेपर संपल्यावर, उत्तरतालिका हातात असताना, चुकांची वही लिहा. ग्रोथ माइंडसेट डोळ्यांनी बघायचा असेल तर तो या वहीत दिसतो.

दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा, चार रकाने पाडा. प्रश्न काय होता. मी काय उत्तर दिलं. का दिलं. पुन्हा कधी बघणार. पहिले दोन कोणीही लिहितो. खरी कसोटी तिसऱ्याची, कारण तिथे खरं बोलावं लागतं. माझ्या जुन्या वहीतलं एक पान समोर आहे, ते सांगतो.

त्या पानावर पहिला प्रश्न नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या घटनादुरुस्तीचा. मी ७३ वी लिहिली. बरोबर ७४ वी. ‘का’ च्या रकान्यात लिहिलंय: ‘दोन्ही माहीत, पण कधी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत.’ त्यावर उपाय केला तो तक्ता करून: ७३ वी पंचायतींची, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, ७४ वी नगरपालिकांची, १ जून १९९३ पासून लागू. ही झाली गोंधळाची चूक. यावर पुस्तक पुन्हा वाचून काही होत नाही, दोन गोष्टी समोरासमोर मांडाव्या लागतात.

दुसरा प्रश्न राज्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराचा. मी डोळे झाकून कळसूबाई लिहिलं. ‘दुसऱ्या’ हा शब्द वाचलाच नव्हता. कळसूबाई १६४६ मीटर, दुसरं साल्हेर १५६७ मीटर, आणि साल्हेर आपल्याच बागलाणात! माहिती असून मार्क गेला. ही घाईची चूक. यावर उपाय म्हणजे पेन्सिल: ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘दुसरा’, ‘वगळता’ असे शब्द दिसले की त्यांना गोल करायचा. ‘सिली मिस्टेक’ म्हणून हिला सोडून देतात, पण मोजून बघा, माझ्या एका पेपरमध्ये अशा अकरा निघाल्या होत्या.

तिसरं गणित. वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली, मग २० टक्क्यांनी उतरली, तर फरक किती? मी लिहिलं, काहीच नाही. खरं तर १०० ची वस्तू १२० झाली आणि १२० चे वीस टक्के म्हणजे २४ उतरले, राहिले ९६. चार टक्के तोटा. इथे मला कल्पनाच कळलेली नव्हती, की टक्के दर वेळी नव्या रकमेवर निघतात. अशा चुकीला वेळ द्यावा लागतो, कोणाकडून तरी समजून घ्यावं लागतं, तसल्या वीस गणितांचा सराव लागतो.

चौथ्यासमोर नुसतं ‘तुक्का’ लिहिलंय.

बघा, चार चुका, चारही वेगळ्या, आणि औषधही वेगळं. ‘मला ६२ पडले’ म्हटलं की यातलं काही दिसत नाही, नुसती लाज वाटते. महिनाभर वही लिहिली की कोणत्या जातीची चूक जास्त होते ते कळतं, आणि मग भीतीची जागा कामाला मिळते. चौथा रकाना विसरू नका: तीन दिवसांनी, दहा दिवसांनी, महिन्याने तोच प्रश्न उत्तर झाकून सोडवायचा. तीनदा बरोबर आला की लाल रेघ मारायची.

पुस्तक चार वेळा वाचलं तरी परीक्षेत आठवत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. वाचणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही सराव फक्त पहिल्याचा केलाय. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली हे दाखवून दिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. फसगत इथेच होते: पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं.

प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पहिल्यांदा कागद रिकामाच राहतो, कपाळाला घाम येतो. तो घाम म्हणजे काम चालू असल्याची खूण. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा.

निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने मी पन्नासच प्रश्न सोडवतो. बरोबर आहे का?

भीतीने ठरवू नका, हिशेबाने ठरवा. चार पर्याय आहेत आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो, असं धरू. शंभर प्रश्नांवर निव्वळ तुक्के मारले तर सरासरी २५ बरोबर, ७५ चूक. ७५ चे पाव म्हणजे १८.७५ गेले, उरले ६.२५. म्हणजे जवळपास हात हलवत परत. आता प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चूक आहेत हे तुम्हाला कळतंय असं समजा: ५० बरोबर, ५० चूक, १२.५ कापले, ३७.५ उरले. फरक केवढा पडला पाहा. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश कापतात, तिथे निव्वळ तुक्क्यांची बेरीज शून्य येते.

तेव्हा टेस्ट देताना प्रत्येक उत्तरापुढे खूण करा: खात्री, दोनांत अडकलो, तुक्का. नंतर तिन्हींचे मार्क वेगवेगळे मोजा. पाच-सहा टेस्टनंतर ‘दोनांत अडकलो’ मध्ये तुमचं किती बरोबर येतं हा आकडा तुमच्याजवळ असेल. परीक्षा हॉलमध्ये तोच आकडा धीर देतो.

राज्यसेवा मुख्य आता लेखी झाली. आम्ही तर गोल भरत आलो. आमचं कसं होणार?

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे. एकूण नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजी हे दोन फक्त पात्रतेचे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन अशा सात पेपरांचे मिळून १७५० गुण, मुलाखतीला २७५. जुन्या मुलांना धक्का बसणं मी समजू शकतो. वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य एकदम कमी कामाचं वाटू लागलं.

पण ‘मला लिहिता येत नाही’ हे वाक्य पुन्हा गणितासारखंच आहे. फोडून बघा. मुद्दे सुचत नाहीत? मांडता येत नाहीत? वेळ पुरत नाही? हात दुखतो? हात दुखणं ही तक्रार खरीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय ग्राउंडवरच्या मुलांना विचारा: रोज थोडं. एक उत्तर, वेळ लावून, रोज. आणि ते दुसऱ्याला तपासायला द्या. इथे बहुतेक जण अडतात. आपलं कच्चं लिखाण दुसऱ्याच्या हातात देणं फार जिवावर येतं. आमच्याकडे पाच जणांचा गट आहे, एकमेकांच्या वह्या अदलाबदल करतात. नियम एकच: ‘छान आहे’ लिहायचं नाही, काय सुटलं ते लिहायचं.

ग्राउंडचं काय? तिथे तर उंची, शरीरयष्टी जन्मतःच असते ना?

उंचीची अट आहे, ती बदलणार नाही. पण १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास मार्क, मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. हे सगळं सरावाने वाढतं. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात जाईपर्यंत नौकानयनाच्या वाऱ्यालाही उभा नव्हता. २०१२ साली सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात आलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेराव्या क्रमांकावर होता. सगळे दत्तू होणार नाहीत. पण दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाला पाण्यावरचा खेळ येणार नाही, हे आधीच कोणी ठरवायचं नसतं.

मित्राची पोस्ट निघाली, माझी नाही. त्याचं स्टेटस बघवत नाही.

महिनाभर स्टेटस म्यूट करा, यात काही कमीपणा नाही. मग त्याच्या घरी पेढे खायला जा आणि त्याच्या वह्या मागा. कोणत्या दोन पुस्तकांवर त्याने भर दिला, शेवटच्या महिन्यात काय सोडून दिलं, हे विचारा. नुकतीच पोस्ट निघालेला मुलगा भरभरून सांगतो. वर्षाने त्यालाही आठवत नाही.

किती वर्षं प्रयत्न करायचे? थांबणं म्हणजे हार मानणं का?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दोनशे अर्जांमागे साधारण एक जागा. वेगवेगळ्या सत्रांच्या काठिण्यपातळीचा मेळ घालायला गुणांचं सामान्यीकरण झालं आणि काहींचे गुण २०० पैकी २०० च्या वर गेले. जाहिरात कधी येईल, जागा किती निघतील, निकाल कोर्टात अडकेल का, यातलं काहीही तुमच्या माइंडसेटने हलत नाही. ग्रोथ माइंडसेटने जागा वाढत नाहीत. ‘मनापासून केलं असतंस तर निघाली असती’ असं न निवडलेल्या मुलाला म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि मला त्याचा राग येतो.

राज्यातल्या बऱ्याच पदांना खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे, पण मर्यादा आहे म्हणून तिथवर थांबलंच पाहिजे असं नाही. सुरुवातीलाच, डोकं शांत असताना, कागदावर लिहून ठेवा: किती वर्षं, किती पैसे. आणि दर सहा महिन्यांनी दोन गोष्टी तपासा. चुकांच्या वहीतल्या चुका बदलतायत का, की त्याच आहेत? मार्क कट-ऑफच्या जवळ सरकतायत का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे चला. सलग तीनदा ‘नाही’ आलं तर आधी पद्धत बदला, मग परीक्षा बदला. गणित आणि बुद्धिमत्ता पक्की असेल तर बँक, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन, नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसची भरती, अशा अनेक दारांना तीच किल्ली थोड्याफार फरकाने लागते. आणि खासगी नोकरी धरली तरी ती वर्षं फुकट गेली नाहीत. माझ्या बॅचमधला एक जण आज पिंपळगावला शेतमालाच्या निर्यातीचं काम बघतो. कागदपत्रं, नियम, इंग्रजी पत्रव्यवहार, सगळं तो इथेच शिकला. तो हरला असं मला कधी वाटलं नाही.

अंबडला शिफ्टमध्ये काम करतो. आठ तास अभ्यास शक्यच नाही.

दोन तास द्या, पण ते आठवण्याचे आणि सोडवण्याचे. वाचन आणि चालू घडामोडी कंपनीच्या बसमध्ये. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन विषय सुरू करू नका, फक्त चुकांची वही.

महागडा क्लास लावायलाच हवा का?

नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि चांगली वाचनालयं आहेत. आपलं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं. पदवी राहिली असेल तर मुक्त विद्यापीठ नाशिकातच आहे आणि तिथल्या पदवीवर एमपीएससी देता येते. मात्र चूक दाखवणारं माणूस हवंच. ते क्लासमध्ये मिळो, गटात मिळो, नाहीतर मोठ्या बहिणीच्या रूपात मिळो.

रात्री झोप लागत नाही, मनात नको ते विचार येतात. हेही माइंडसेटने जाईल का?

हे माइंडसेटवर सोडू नका. वही मिटा आणि आजच कोणाशी तरी बोला. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसंच हे. रूममेट जेवायला येत नसेल, बोलेनासा झाला असेल, तर ‘अभ्यासात असेल’ असं समजू नका. दार वाजवा.

आईवडिलांना हे कसं सांगू? रोज फोनवर एकच विचारतात, ‘कधी लागणार नोकरी?’

ते काळजीपोटी विचारतात. त्यांना दुसरा प्रश्न माहीत नाही, तो आपण द्यायचा.

आमच्या अभ्यासिकेतल्या निफाडकडच्या मुलाने द्राक्षबाग असलेल्या वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: आबा, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तुम्ही घड मोजता का? काडी तयार होतेय का तेच बघता ना? घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे. माझी आत्ता काडी चालू आहे. आबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून संध्याकाळी सातच्या फोनवर विचारतात, ‘आज काय चुकलं?’ पोरगं जिन्यात उभं राहून वहीतला एखादा प्रश्न समजावून सांगतं. परवा मी बाजूने जात होतो तेव्हा ७३ वी आणि ७४ वी चालली होती. पलीकडून आबा विचारत होते, ‘मग आपली ग्रामपंचायत त्र्याहत्तरात की चौऱ्याहत्तरात?’